सांधेवाल्याच्या घरातली आगगाडी

(द्वितीय वर्ष, कला)

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने खेळण्यातल्या आगगाडीत वेळ घालवावा का, असा प्रश्न गेल्या दिवाळीत आमच्या घरी निघाला. प्रश्न आईने काढला, थोरल्या चुलत्यांनी उचलून धरला आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐकून न ऐकल्यासारखे केले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे माझ्या हातात काय आहे याकडे सगळ्यांचे लक्ष असते. पुस्तक दिसले की घर समाधानी. डाग देण्याची कांडी दिसली की चुलते विचारणार, "हे कुठल्या पेपरला आहे रे?"

ही गाडी आमच्याकडे कशी आली ते आधी सांगायला हवे. दौंड-मनमाड मार्गावरच्या एका लहान स्टेशनाजवळ आमचे गाव आहे. अण्णा रेल्वेत सांधेवाले. कागदोपत्री ते ‘पॉइंट्समन’, पण गावात सगळे सांधेवालेच म्हणतात. आई गावातल्या डॉक्टरकाकांच्या घरी धुणेभांडी करायला जाई आणि शाळेला सुट्टी असली की मी तिच्या मागे असे. काकांच्या माडीवर आठ फूट लांब, चार फूट रुंद अशा प्लायवुडवर एक आगगाडी मांडलेली होती. त्यांच्या भावाने १९७४ साली पश्चिम जर्मनीहून येताना तो संच आणला होता. दोन इंजिने, नऊ डबे, चार सांधे. सगळे खऱ्याच्या सत्त्याऐंशी पटींनी लहान. आमच्या स्टेशनात दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर आहे. काकांच्या रुळांमध्ये ते साडेसोळा मिलिमीटर होते. कोथरूडला जोशी यांचे लहान रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांना खुले असलेले. तेही काकांनीच मला एकदा नेऊन दाखवले. आई खाली भांडी घासत असे तेव्हा मी वर गाडी चालवत असे. काका म्हणत, "सांधेवाल्याचा मुलगा आहेस, सांधे तू सांभाळ."

मग दहावी आली, बारावी आली आणि माडी सुटली. मी कॉलेजात येण्याच्या आधीच काका गेले. गेल्या वर्षी काकू मुलाकडे राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी मला बोलावून दोन खोकी पुढे केली. म्हणाल्या, "भंगारात घालवत नाही रे. तू घेऊन जा." पत्र्याच्या डब्यात इंजिने होती, आणि त्यांच्यावर काकांनी गुंडाळलेले वर्तमानपत्र पिवळे पडले होते.

जुन्या पद्धतीची गाडी चालते कशी, हे थोडक्यात सांगतो. दोन रुळांतून बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडायचा. बटण फिरवून व्होल्ट वाढवले की वेग वाढतो. दोन रुळांची धन आणि ऋण बाजू अदलाबदल केली की गाडी उलटी जाते. वीज रुळात असते, इंजिनाला स्वतःचे असे काही कळत नसते. म्हणून एका रुळावर दोन इंजिने ठेवली की दोन्ही एकदमच सुटतात, एकाच दिशेला जातात आणि एकदमच थांबतात. एकाला थांबवून दुसरे न्यायचे असेल तर रूळ मध्ये तोडून त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे बटण लावायचे. काकांच्या फळीवर अशी सहा बटणे होती. ती लक्षात ठेवण्यातच माझे निम्मे बालपण गेले!

नव्या, म्हणजे डिजिटल पद्धतीत रुळावर वीज कायम पूर्ण असते, इंजिन उभे असले तरीही. त्या विजेतच निरोप मिसळलेला असतो. विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. दिशा ५८ मायक्रोसेकंदांनी बदलली तर तो ‘एक’, आणि १०० किंवा त्याहून जास्त मायक्रोसेकंदांनी बदलली तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांच्या माळेतून ‘तीन नंबर, पुढे, वेग वीस’ असा हुकूम तयार होतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक चकती बसवतात, तिला डिकोडर म्हणतात. हुकूम सगळ्यांनाच ऐकू जातो, पण ज्याचा नंबर पुकारला तेच इंजिन हलते. कॉलेजात हजेरी घेतात तसेच म्हणा ना! (मात्र इथे एकाच्या जागी दुसरा ‘हजर’ म्हणत नाही.) जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावरून अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९० च्या दशकात या पद्धतीचे नियम ठरवून दिले. त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतो.

हे सगळे तयार विकत घ्यायचे तर आमच्या घरचा दोन-तीन महिन्यांचा किराणा त्यात जाईल. पण मी संध्याकाळी पाच ते नऊ तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. तिथे बारीक तारा जोडायला हात बसला आहे. आर्डुइनो नावाची एक स्वस्त पाटी मिळते, तिच्यावर मोटार चालवणारी दुसरी पाटी बसवायची. त्यांच्यावर चालणारा डीसीसी-ईएक्स नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे; जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तो लिहिला आहे. जुन्या लॅपटॉपचा पंधरा व्होल्टचा चार्जर दुकानाच्या अडगळीत होता, तो मालकांनी तसाच दिला. गाडी चालवायचे बटण म्हणजे माझाच मोबाइल. दोन डिकोडर मात्र पैसे मोजूनच घ्यावे लागले. एक दिवाळीत घेतला, दुसरा होळीनंतर.

पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनात नवा डिकोडर बसवणे नाजूक काम असते. अशा इंजिनांत मोटारीच्या एका बाजूला वीज सांगाड्यातूनच मिळते. ती वाट तोडून मोटार दोन्ही बाजूंनी वेगळी केली नाही, तर डिकोडर तिथल्या तिथे जळतो. म्हणून मी आधी मीटर लावून पाहिले, ब्रशखाली प्लॅस्टिकची चकती घातली, मग पुन्हा मीटर लावले. चाक धरून ठेवून मोटार किती वीज ओढते तेही मोजले. पाऊण अँपियरच्या आत होती. डिकोडर एक अँपियरचा. मग लाल आणि काळी तार चाकांकडून, नारिंगी आणि करडी मोटारीकडे. पहिल्या रात्री रुळावर ठेवलेल्या इंजिनाचा दिवा लागला आणि इंजिन जागचे हलले नाही, तेव्हा आईला वाटले बिघडले. खरे तर ते हुकमाची वाट पाहत होते!

अण्णांची गोष्ट यानंतरची आहे.

अण्णा सातवी शिकलेले. पंचवीस वर्षे ते केबिनमध्ये लिव्हर ओढत होते. सिग्नलचे लिव्हर लाल, सांध्यांचे काळे, कुलुपांचे निळे. हाताच्या घामाने लोखंड गंजू नये म्हणून लिव्हर नेहमी फडक्याने धरायचा. ते फडके आई धुऊन देत असे. लिव्हर ओढला की जमिनीवरून गेलेल्या सळया आणि तारा हलत आणि दूरवर सांधा बसे. मी शाळेत असताना आमच्या स्टेशनात इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आले. आता स्टेशनमास्तर पडद्यावर बघून सांधा बदलतात, तिकडे मोटार तो फिरवते. लिव्हर कापून भंगारात गेले. अण्णांची नोकरी राहिली, काम बदलले. मोटार अडली की हातात क्रँक हँडल घेऊन, रात्र असो पाऊस असो, सांध्यापर्यंत चालत जायचे, तो हाताने फिरवायचा आणि कुलूप घालायचे. त्या बदलाविषयी अण्णा घरी एक शब्द बोलले नाहीत. फक्त ते फडके बरेच दिवस दोरीवर तसेच होते.

म्हणून ‘नवी पद्धत, नवी पद्धत’ असे त्यांच्यासमोर म्हणताना मला अवघड वाटे. दुसरा डिकोडर बसला त्या रविवारी ते रात्रपाळीहून आले आणि चहाचा कप घेऊन फळीपाशी उभे राहिले. मी दाखवले : एकाच रुळावर दोन इंजिने, एक चालते, एक उभे आहे.

अण्णांनी विचारले, "अन् दोन्ही समोरासमोर आली तर?"

प्रश्न खरा होता. काकांच्या बटणावर तसे होऊच शकत नव्हते, कारण रूळच दोघांना एका दिशेने नेत असे. आता ज्याला त्याला आपला नंबर मिळाला, तेव्हा टक्कर होण्याची सोयही झाली.

"एका ब्लॉकात एकच गाडी," अण्णा म्हणाले. "आधी ते कर. मग पळव."

नंतर त्यांनी भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आमच्या चार सांध्यांचा नकाशा काढला. शेजारी एक तक्ता लिहिला. तीन नंबर ओढल्याशिवाय एक नंबर ओढता येणार नाही. एक ओढला की तीन अडकला. एक आणि दोन एका वेळी कधीच नाहीत. सांधा बसल्याशिवाय सिग्नल पडत नाही आणि सिग्नल पडला की सांधा हलत नाही. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल एकत्र बांधण्याचे पेटंट १८५६ साली घेतले. लिव्हरखालच्या लोखंडी पट्ट्या हेच करत होत्या आणि आज स्टेशनातल्या संगणकात हेच नियम लिहिलेले असतात. हे मी पुढे वाचले. अण्णांना ते हातांनी ठाऊक होते. लिव्हर भंगारात गेले, पण तक्ता गेला नव्हता!

मी सांध्यांना छोट्या सर्व्हो मोटारी बसवल्या, सिग्नलला दिवे लावले आणि अण्णांचा तक्ता ओळीओळीने प्रोग्रॅममध्ये घातला. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. लिहिताना अडलो की त्यांना विचारायचो आणि ते डोळे मिटून, उजवा हात हवेत पुढे-मागे करून सांगायचे. पूर्ण झाल्यावर त्यांनी मोबाइल मागून घेतला आणि अर्धा तास तो नियम मोडण्याचाच प्रयत्न केला. सांधा बसलेला नसताना सिग्नल मागितला, सिग्नल असताना सांधा मागितला, दोन्ही बाजूंनी एकदम गाड्या मागितल्या. प्रोग्रॅमने काहीच दिले नाही. मग म्हणाले, "बरोबर अडकतंय."

आमच्या वर्गात माझ्यासारखे, घरातले पहिलेच, बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिले. आपल्याला वाटते की आपण शिकलो म्हणजे घरात ज्ञान आले. मला अनुभव थोडा निराळा आला. माझ्याजवळ पाटी, तारा आणि प्रोग्रॅम होता. कोणती गाडी केव्हा सोडू नये हे सांगणारा माणूस रात्रपाळी करून शेजारच्या खोलीत झोपलेला होता. त्यांना तोपर्यंत कुणी विचारले नव्हते.

अण्णांच्या निवृत्तीला दोन वर्षे आहेत. चुलते अजून पेपरचे विचारतात. एप्रिलमध्ये परीक्षा असल्यामुळे सध्या फळी भिंतीला उभी करून ठेवली आहे. पण कॅलेंडरच्या त्या कागदावर परवा एक पाचवा सांधा पेन्सिलीने काढलेला दिसला. अक्षर माझे नव्हते. त्याचे कुलूप कुठल्या नंबराला लागते ते अजून लिहायचे आहे.