वळिवड्याची बिऱ्हाडे

दिवाळीचे कापड घ्यावे तर गांधीनगरात, असे कोल्हापूरचे आमचे मेहुणे दरवर्षी सांगतात. गेल्या दिवाळीआधी एकदाचे आम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे गेलो आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हांला तिकडे नेले. कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या बाजूला, वळिवडे गावाला लागून ही पेठ आहे. दुकानाला दुकान भिडलेले, हातगाड्यांवर कापडाचे गठ्ठे, आणि कानांवर मराठीबरोबर सिंधी. सौभाग्यवती साड्यांच्या ढिगाऱ्यात शिरल्या. मी पिशव्या सांभाळीत पायरीवर बसलो.

शेजारी टेकत मेहुणे म्हणाले, "दाजी, तुम्ही बसला आहात ना, तिथे एके काळी पोलंड होते."

ऊन लागले म्हणावे, तर दिवस अजून वर आला नव्हता. थट्टा म्हणावी, तर चेहरा गंभीर.

हकीकत खरी निघाली. १९३९ साली जर्मनीने पश्चिमेकडून आणि रशियाने पूर्वेकडून पोलंडचे लचके तोडले. पूर्व भागातली लाखो माणसे १९४० आणि १९४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढे १९४१ मध्ये जर्मनी खुद्द रशियावरच उलटला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. सुटका झाली, पण जायचे कुठे? उपाशी, आजारी, दक्षिणेकडे सरकत त्यांतली काही इराणात पोचली. धडधाकट पुरुष फौजेत गेले. मागे राहिल्या बहुतेक बायका, म्हातारी माणसे आणि पोरे.

नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, हे पुष्कळांनी वाचले असेल. वळिवड्याचे नाव मात्र आपल्याकडेच फारसे कुणी घेत नाही. १९४३ साली इथे छावणी उभी राहिली आणि सुमारे पाच हजार पोलिश माणसे तिच्यात राहायला आली. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये उठली, तेव्हा तिथली पुष्कळ मुलेही इथेच आली.

आता एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ह्या छावणीचा खर्च प्रथम लंडनमध्ये आसरा घेतलेले पोलिश सरकार सोशीत होते. तेव्हा आपण पाच हजार पाहुण्यांना पदरचे जेवू घातले, अशी बढाई मारण्यात अर्थ नाही. पण साल १९४३ होते. बंगालात माणसे अन्नावाचून मरत होती, इकडे महागाई आणि टंचाई. कोल्हापूरच्या गादीवर राजे अल्पवयीन. अशा दिवसांत हे परके लोक वेशीशी येऊन राहिले आणि पाच वर्षे राहिले. त्यांना कुंपणात ठेवून शिधा वाटून मोकळे होता आले असते. इथे निराळे झाले. लांबलचक बराकींत खण पाडून एकेका कुटुंबाला आपले बिऱ्हाड दिले: खोली, स्वयंपाकघर, पुढे ओटा. हातात पैसे येत आणि बाया बाजार करून आपली चूल आपण पेटवीत. परक्याला सर्वांत आधी हेच हवे असते असे मला वाटते. वाढलेल्या ताटापेक्षा भाजी निवडून घेण्याचा अधिकार!

ह्यातून गंमत अशी झाली, की इथले विक्रेते पोलिश बोलू लागले. मला त्याचे नवल वाटत नाही. आमच्या घरच्या बाईंनी त्याच सकाळी दहा मिनिटांत तीन सिंधी शब्द उचलले होते, आणि तेही भाव पाडण्यासाठी.

छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, बालवीरांची पथके होती. मुले पंचगंगेत पोहत. क्षयाची बाधा झालेल्यांना पाचगणीला पाठवीत. मुंबईतल्या पोलिश कॉन्सुलच्या पत्नी कीरा बानासिन्स्का ह्या पोलिश रेडक्रॉसच्या वतीने ह्या सगळ्या निर्वासितांसाठी झटल्या. युद्धानंतर त्या परत गेल्या नाहीत. पुढे हैदराबादला स्थायिक झाल्या.

कारण जायला घरच उरले नव्हते. १९४५ मध्ये युद्ध संपले, पोलंड जिंकणाऱ्यांच्या बाजूला होता, आणि तरी ह्या माणसांची गावे रशियाच्या हद्दीत गेली. मायदेशी परतणारे थोडे निघाले. बाकीचे १९४८ पर्यंत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा वाटांनी पांगले.

तोवर इकडे फाळणी झाली होती. सिंधमधून आलेल्या कुटुंबांना सरकारने जागा दिली ती ह्याच बराकींत. त्यांचेही गाव दुसऱ्या देशात गेलेले. फरक इतकाच, की हे इथेच राहिले. बिऱ्हाडाचे दुकान झाले, दुकानांची पेठ झाली, छावणीचे गांधीनगर झाले.

परतताना मेहुण्यांनी आम्हांला महावीर उद्यानात नेऊन पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ दाखविला. खुद्द वळिवड्यालाही २०१९ साली स्मारक झाले. तेव्हा लहानपण इथे काढलेली काही वृद्ध मंडळी मुद्दाम पोलंडहून आली होती. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी आहेत आणि वॉर्सा शहरात २०१७ पासून कोल्हापूरचे नाव कोरलेला दगड आहे.

सौ. सगळे शांतपणे ऐकत होत्या. घरी आल्यावर साड्यांची घडी उलगडता उलगडता त्यांनी विचारले, "त्या पोलिश बायका पाच वर्षे इथे राहिल्या म्हणता. मग जाताना भांडीकुंडी बरोबर नेली, की नव्या बिऱ्हाडांना ठेवून गेल्या?"

मेहुण्यांना ते सांगता आले नाही.