नवा कॉम्प्युटर आणि मोरपंखी साडी

“अगं, तेवढ्या पैशांत मस्त लॅपटॉप आला असता!” हे वाक्य मला आतापर्यंत दोन काका, एक मामी आणि शेजारच्या वहिनींनी ऐकवून झालंय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकते. म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवली की काम झालं :)

तर त्याचं असं झालं. २०२४ च्या पावसाळ्यात बाबांना रत्नागिरीहून डोंबिवलीला आणलं, तेव्हा त्यांचं कपाट आवरताना निगेटिव्हची पाकिटं सापडली. बुटांचे तीन खोके भरून! बाबांना फोटोंचा भारी नाद होता. पगारातून पैसे बाजूला काढून रोळ विकत घ्यायचे. पण कोकणातली हवा. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि बुरशीला जिलेटिन फार आवडतं. काही पट्ट्यांवर जाळी धरलेली, काहींना व्हिनेगरसारखा आंबूस वास. हा वास म्हणजे फिल्मचा मूळ पदार्थच कुजायला लागल्याची खूण. थंड, कोरड्या जागी ठेवून ते लांबवता येतं, थांबवता येत नाही.

आणि प्रिंट? त्या तर बहुतेक लालसर पडल्यात. त्या काळच्या बऱ्याच रंगीत कागदांतला निळसर रंग आधी उडतो, मग उरतात सगळे गेरूत बुडवून काढल्यासारखे. आईचा एक फोटो आहे, वाड्याच्या पडवीत उभी असलेला. साडी बाबांच्या मते मोरपंखी, आत्याच्या मते गर्द हिरवी. प्रिंटमध्ये ती आज विटकरी दिसते. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. साडी केव्हाच संपली. म्हणजे तो रंग आता दोनच ठिकाणी शिल्लक आहे, एक त्या निगेटिव्हमध्ये आणि एक बाबांच्या डोक्यात. बाबा एकोणऐंशीचे आहेत. घाई का होती ते आता कळलं असेल.

आता थोडं गणित. निगेटिव्ह मी स्कॅनरवर न करता खालून उजेड देऊन कॅमेऱ्यानेच टिपते. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो सोळा बिटमध्ये उघडला की प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे एक चित्र झालं जवळजवळ १४४ एमबीचं. बुरशीचे डाग पुसायला त्यावर सात-आठ थर चढवले की एक जीबीच्या पुढे. माझा जुना आठ जीबी रॅमचा लॅपटॉप एवढ्यावर घरघरायला लागायचा. पण ते तरी सोसलं असतं. खरी अडचण त्याच्या पडद्याची. मान जराशी खाली केली की आई गोरी, वर केली की सावळी! स्वस्त टीएन पडद्यांचं हे असंच असतं, बघायचा कोन बदलला की रंग बदलतो. अशा पडद्यासमोर बाबांना बसवून “आता बरोबर आहे का साडी?” असं विचारण्यात काय अर्थ?

म्हणून मी ठरवलं की आधी मॉनिटर घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत त्याच्यामागे जे काय बसेल ते. एकूण हद्द साठ हजारांची. लोक उलटं करतात. सगळे पैसे डब्यात ओततात आणि शेवटी “कुठला तरी चालेल” म्हणून मॉनिटर उचलतात. फोटो आपण बघतो कशावर, डब्यावर का? असो.

लॅमिंग्टन रोडला जायचं तर शनिवार बरा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. सोबत भाचा, वय वर्षं सतरा, गेमर.

“मावशी, ग्राफिक्स कार्ड नाही तर पीसी कसला?”

दुकानदारही त्याच्याच पक्षात. “ताई, कार्ड टाकून घ्या, पुढे उपयोगी पडेल.” कॅबिनेटही दाखवली ती काचेची, आत रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारी. गणपतीची आरास बरी! मला हवं होतं ते अंधारात शांत बसणारं खोकं, कारण रंग तपासताना बाजूला जांभळा उजेड पडला तर डोळे फसतात.

कार्ड घेतलं नाही. फोटोंच्या कामात त्याची मदत होते, नाही असं नाही. डार्कटेबलसारखं सॉफ्टवेअर काही हिशोब कार्डाकडून करून घेतं. पण मला दिवसाला दहा-बारा फोटो करायचेत. एका फोटोमागे दोन सेकंद वाचवायला वीस हजार घालायचे? प्रोसेसर घेतला रायझन ५ ५६००जी. सहा कोअरचा, २०२१ चा, म्हणजे तेव्हाच शिळा, आणि म्हणून साडेअकरा हजारांत. चित्र दाखवण्याची सोय त्याच्यातच असते. रॅम सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या. एकच बत्तीसची घेण्यापेक्षा जोडी बरी, कारण असा प्रोसेसर चित्रासाठीही तीच रॅम वापरतो आणि दोन वाटांनी ती वेगात मिळते. एक टीबीची एसएसडी साधी घेतली. दुकानदार महागडी चौथ्या पिढीची पुढे करत होता, पण हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीच्याच वेगाने बोलतो. जास्तीचे पैसे नुसते कागदावर राहिले असते.

काटकसर केली नाही ती एसएमपीएसमध्ये. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा बिननावाचा एसएमपीएस मी तिथेच परत केला. आमच्याकडे वीज कशी येते-जाते ते तुम्हाला माहीतच आहे. आणि पक्कं बिल मागून घेतलं, तेही प्रत्येक वस्तूचा नंबर लिहून. वॉरंटीचं भांडण झालंच तर तोच कागद कामाला येतो.

मॉनिटर साडेचौदा हजारांचा. चोवीस इंची, आयपीएस, १९२० बाय १२००, एसआरजीबीचे जवळजवळ सगळे रंग दाखवणारा. सबंध खरेदीत सगळ्यात महाग वस्तू हीच. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मैत्रिणीकडून रंग मोजायचं यंत्र एका दिवसासाठी उसनं आणलं आणि पडदा लावून घेतला. नवा मॉनिटर दुकानातून येतो तो भगभगीत, निळसर. प्रिंट काढायची असेल तर उजेड बराच उतरवावा लागतो, नाहीतर पडद्यावर झक्क दिसलेला फोटो कागदावर काळवंडतो.

जोडणी भाच्याने केली, तीन तासांत, एक स्क्रू न उरता. सगळं धरून खर्च एकोणसाठ हजारांच्या आसपास गेला, त्यात जुने फोटो ठेवायची चार टीबीची हार्डडिस्कही आली. हे भाव २०२४ च्या दिवाळीनंतरचे आहेत हं. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की (एआयसाठी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहताहेत, मेमरी तिकडे चाललीय) माझा हिशोब जसाच्या तसा कुणी लावू नका. रॅम महाग वाटली तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या आणि चार खाचा असलेला मदरबोर्ड बघा. मॉनिटरला मात्र कात्री लावू नका.

सॉफ्टवेअरला खर्च शून्य. डार्कटेबलमध्ये ‘निगाडॉक्टर’ नावाचा एक भाग आहे, २०२० पासून. पट्टीच्या कडेचा कोरा नारिंगी तुकडा त्याला दाखवायचा, तो त्या नारिंगीची वजाबाकी करतो आणि चित्र सुलटं होतं. डाग पुसायला गिम्प.

तर पडवीतला फोटो. मागच्या भिंतीला चुना होता, त्यावरून पांढरा साधला आणि बाबांना बोलावलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. म्हणाले, “ह्या डोळ्याने मोरपंखी, ह्याने हिरवी.” मला हसूच फुटलं. पण ते खरं आहे. मोतीबिंदू पिकत जाताना डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग मरतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो पुन्हा दिसायला लागतो. म्हणजे आत्याही खोटं बोलत नव्हती. तिचं ऑपरेशन अजून झालेलंच नाही!

मग बाबा बराच वेळ बघत बसले. रंगाबद्दल पुढे काहीच बोलले नाहीत. बोटाने साडीचा काठ दाखवला नि म्हणाले, “हा काठ तिने उसवून ठेवला होता. तुझ्या पाळण्याच्या दुपट्याला लावला.” हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. फोटोखाली मी ते लगेच टाइप करून ठेवलं.

आतापर्यंत दीड खोका झालाय. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवते. एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक डिस्क सांगलीला आत्याकडे, म्हणजे इथे काही झालं तरी तिथे राहील. नातेवाईक मंडळींना विनंती, तुमच्याकडे जुनी निगेटिव्ह असतील तर पाठवा. ओल्या फडक्याने पुसू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कागदाच्या पाकिटात घाला आणि पाकिटावर साल लिहा. साल आठवत नसेल तर निदान फोटोत कोण आहे ते तरी लिहा. आणि आत्या, मोतीबिंदूची तारीख घेतलीस का?