डोळा सरळ केला आणि पापणी हलली!

डोळा आणि पापणी आतून एकमेकांना बांधलेले असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं? मला नव्हतं! शेजारच्या काकूंच्या तिरळेपणाच्या ऑपरेशनच्या निमित्ताने कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याच्या पापण्या न्याहाळत सुटले आहे.

काकूंना थायरॉईडचा त्रास. त्यात कधीकधी डोळे फिरवणारे स्नायू सुजून आखडतात, आणि बहुतेक वेळा सापडतो तो खालचा. डोळा खाली ओढला जातो, एकाचे दोन दिसतात. मग तो स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवायचा. तिरळेपणाची शस्त्रक्रिया डीफेनबाख नावाच्या सर्जनने बर्लिनमध्ये १८३९ साली यशस्वी केली, म्हणजे विद्या जुनीच. पण डॉक्टर काकूंना म्हणाले, "खालची पापणी थोडी उतरेल हं, पांढरं जास्त दिसेल." आता पापणीला तर हातही लावणार नाहीत!

गंमत अशी की, खालच्या पापणीला खाली ओढणारा पडदा याच स्नायूच्या वेष्टनातून निघतो. स्नायू मागे सरकला की पडदा मागे, पाठोपाठ पापणी. स्नायू कापून आखूड केला तर उलट, पापणी वर चढते, डोळा बारीक दिसतो. म्हणून सर्जन हे धागेदोरे आधी जपून सोडवतात.

मंगळवारी राहुकाळात बनशंकरीच्या देवळात गेले. लिंबाच्या सालीतली वात पेटवताना एका आजींची नजर खाली होती, खालची पापणीही तेवढीच उतरलेली. देवीकडे मान न उचलता नुसती नजर उचलली, तशी पापण्यांची ती कड मुकाट वर आली. देवीची क्षमा मागून सांगते, मी दर्शन विसरून तेच बघत राहिले.

वरच्या पापणीचं तर त्याहून नवल! आखडलेल्या डोळ्याला वर उचलायला वरचे स्नायू जोर लावतात, त्यात पापणी वटारल्यासारखी दिसते. खालचा स्नायू सैल केला की हा जोर कमी होतो, आणि कधीकधी वटारलेपणही. डोळ्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या स्नायूंच्या ऑपरेशनात मात्र फरक अगदी किरकोळ.

तेव्हा तुमच्या घरात कुणाचं वर-खालच्या स्नायूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर पापणीचं काय होणार हे आधीच विचारा आणि समोरून एक स्वच्छ फोटो काढून ठेवा. पापणी दुरुस्त करायचीच झाली, तर तिचा नंबर डोळा सरळ झाल्यानंतर लागतो.