माझे वडील वडील होते

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोप, बिशप, फादर अशी उतरंड उभी राहते. माझ्याही राहायची. मग आमच्या ऑफिसातला एक निवृत्तीला आलेला मराठी ख्रिस्ती मित्र चहाच्या टपरीवर म्हणाला, "माझे वडील वडील होते." मला वाटलं, रात्रभर रिलीज केल्याचा परिणाम!

तर भानगड अशी. ग्रीकमध्ये 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे वडीलधारा. मंडळीने आपल्यातूनच निवडलेले 'वडील' आणि पाळक मिळून कारभार बघतात, ते प्रेसबिटेरियन चर्च. एका चर्चची सेशन, अनेक चर्चची मिळून प्रेसबिटेरी, तिच्यावर सिनॉड, सगळ्यात वर जनरल असेंब्ली. कुठेही एकटा माणूस ॲडमिन नाही. मुळाशी श्रद्धाच आहे म्हणा: चर्चचा मालक एकटा ख्रिस्त, मग माणसांत वरचढ कोण?

मी राहतो कॉटन ग्रीनला. मूळ कॉटन ग्रीन मात्र फोर्टात, टाउन हॉलसमोरच्या मैदानात; कापसाच्या गाठी तिथे रचलेल्या असत. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला गेला नि पुढे आमच्याकडे आला. त्या मैदानापासून थोडं चाललं की लायन गेटसमोर सेंट अँड्र्यूज लागतं, १८१९ सालचं स्कॉटिश चर्च. मागच्या शनिवारी हार्बर पकडून मुद्दाम बघून आलो.

पण खरी गोष्ट १८४३ ची. स्कॉटलंडमध्ये पाळक कोणी नेमायचा यावरून वाद पेटला होता. जमीनदाराने नेमलेला माणूस मंडळीने नाकारला, तर? कोर्टाने जमीनदाराची बाजू घेतली. १८ मे रोजी एडिंबरोत पाळकांनी असेंब्ली सोडली. साडेचारशेहून जास्त पाळक घरदार, पगार सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च उभं राहिलं.

मुंबईत जॉन विल्सन (हो, विल्सन कॉलेजवाले) आणि त्यांचे सहकारी १८२९ पासून खपत होते. तेही फ्री चर्चकडे गेले. शाळेची इमारत, सामान जुन्या चर्चचं, ते मागे ठेवावं लागलं. कोड सगळा तुम्ही लिहिलेला, पण सर्व्हर कंपनीचा! विद्यार्थी मात्र बरोबर आले. विल्सनसोबत गेलेले पारशी धनजीभाई नवरोजी १८४६ मध्ये एडिंबरोतच पाळक झाले. मतासाठी इमारत सोडणं मला तरी जमेल का, शंकाच आहे. आमच्या सोसायटीत पार्किंग सोडायला कोणी तयार नसतं.

आणि मग १९७०. नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, म्हणजे बिशप आलेच! ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नको म्हणून शतकानुशतकं भांडण केलं, त्यांनी तो स्वीकारला. मित्राचे वडील एकीच्या बाजूचे, पण घरी येऊन दोन दिवस गप्प होते म्हणे.

मला गंमत वाटते ती शब्दांची. त्या चर्चचा प्रमुख बिशपच असतो, पण त्याला म्हणतात 'मॉडरेटर', म्हणजे प्रेसबिटेरियन सभेचा अध्यक्ष! तोही सिनॉडने निवडलेला. पाळकाला 'प्रेसबिटर' म्हणतात. बिशप आत आला खरा, पण घरातले शब्द जुन्या मालकाचेच राहिले.

यंदा मित्र स्वतः पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीला उभा आहे. मेहुण्याच्या विरोधात. टपरीवर सध्या दुसरा विषय नाही.