फर्दापूरच्या छपराखाली निळा हंस

फाल्गुन संपत आला होता, ऊन तापू लागले होते, म्हणून छत्री कुणीच घेतली नव्हती. छत्रपती संभाजीनगरातील आमच्या वस्तीतली १८ मुले, दोन भगिनी आणि आम्ही असे २१ जण रविवारी पहाटेच्या एस.टी.ने अजिंठ्याला निघालो. सोमवारी लेणी बंद असतात. शिवाय आमच्यासारख्या कारकुनाला रविवारखेरीज दुसरा वार मिळतो कुठे?

सिल्लोडच्या पुढे पळस पेटल्यासारखा फुलला होता. मुले खिडकीला चिकटली. एक सहावीतली मुलगी तेवढी गप्प होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. विचारले तेव्हा कळले की, रंगपेटी नाही म्हणून चित्रकलेच्या तासाला तिला तीनदा वर्गाबाहेर उभे केले होते. "मला चित्र येतच नाही, काका," एवढेच ती म्हणाली. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आम्ही भेटणार आहोतच. पण ते नंतर.

फर्दापूरला उतरताच मुलांनी पळसाखाली पडलेली फुले पिशवीत भरली. तिथून लेण्यांपर्यंत चार किलोमीटर दुसऱ्या बसने जावे लागते. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर ती लेणी पाहिली की माणूस क्षणभर बोलायचेच विसरतो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे मुले शांत उभी राहिली. पण खरी गंमत त्यांना वाटली ती एका खांबावरच्या हरणांची. धडे चार आणि डोके एकच! दुसऱ्या लेण्यात वर हंसांची रांग आहे. एकासारखा दुसरा हंस नाही. मुलांनी दोनदा मोजले, दोन्हीदा आकडा वेगळा आला आणि भांडण झाले.

"काका, हे कुणी काढलं?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही. रंगवणाऱ्या हातांची नावे उरली नाहीत. नाव उरले आहे ते १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याचे. त्याने ते दहाव्या लेण्यात खांबावर खरडून ठेवले. मुलांना बजावले की, त्याच्यासारखे करायचे नाही.

रंग कसे केले हे मात्र सांगता आले. खडबडीत दगडावर माती, भाताचा तूस आणि गवत कालवून लेप द्यायचा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. तांबडा गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. निळा तेवढा जवळ मिळत नव्हता. तो दगड अफगाणिस्तानच्या खाणीतून येई.

दोनच्या सुमारास आभाळ भरून आले आणि वाऱ्यासकट अवकाळी पाऊस कोसळला. भिक्खू वर्षावासात अशाच गुहांत राहत, असे आम्ही मुलांना सांगत होतो; पण भिजलेल्या मुलांना भूक लागली होती. कसेबसे फर्दापूरला आलो. परतीच्या एस.टी.चा पत्ता नव्हता. एका चहाच्या हॉटेलच्या पत्र्याखाली सगळे दाटीवाटीने बसलो. लहान मुले रडायला लागली.

आमच्या पिशवीत कार्यालयातले पाठकोरे कागद नेहमी असतात. ते वाटले. रंग कुठून आणायचे? हॉटेलवाल्या मावशींनी हळद दिली आणि भाताची पेजही दिली. शेजारच्या पानवाल्याने चुना आणि कात दिला. पळसाची फुले जुन्या पातेल्यात उकळली, केशरी पाणी निघाले. तव्याच्या बुडाची काजळी नुसत्या पाण्यात मिसळेना, वर तरंगत राहिली. पेजेत घोटल्यावर मिसळली. हळदीत चुना टाकताच ती लालभडक झाली, तेव्हा सगळ्या पोरांनी एकच ओरडा केला. (चुना मोठ्या माणसानेच कालवावा, डोळ्यांत गेला तर इजा होते.) कडुनिंबाच्या काड्या चावून कुंचले केले. घरी, विहारात, पावसाने अडकलेल्या कुठल्याही दिवशी हे जमेल. खर्च जवळपास काहीच नाही.

ती मुलगी कागद मांडीवर घेऊन बसून होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काका, यात निळा कुठंय?"

मावशींनी ऐकले. आत गेल्या आणि कपड्यांच्या निळीची पुडी घेऊन आल्या. "घे लेकरा. पांढऱ्या कपड्यांना आणली व्हती."

गंमत अशी की, पुडीतल्या निळीची ही पूड म्हणजे त्याच अफगाणी दगडाचा रंग, फक्त कारखान्यात केलेला. १८२८ च्या सुमारास युरोपात तो करायची युक्ती सापडली आणि राजेरजवाड्यांचा रंग धुण्याच्या बादलीत आला. आम्ही हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे अजिंठ्याचा निळा माझ्या आईकडं पण आहे!"

तिने हंस काढला, मान मागे वळवलेला, अंगभर निळा आणि चोच हळदी-चुन्याची लाल. बाकीची मुले कुंचला थांबवून बघत राहिली. एका मुलाने तर आपला हंस सोडून तिलाच विचारले, "पाय कसे काढले, दाखव ना."

साडेपाचला एस.टी. आली. ओले कागद धरून मुले चढली, तेव्हा कंडक्टरसाहेब आधी रागावले, मग स्वतःच म्हणाले, "मागची सीट मोकळी आहे, तिथं पसरा." सिल्लोडपर्यंत सगळे हंस वाळले. हळदीचा रंग उन्हात उडतो म्हणून आम्ही तिला चित्र वहीत ठेवायला सांगितले. तिने ऐकले नाही. ते काचेला टेकवून ती घरापर्यंत तशीच बसली.