मुक्कामाची एसटी

दिवेलागण होऊन गेलेली असते आणि घाटाच्या शेवटच्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज येतो. अंगणात खेळणारं पोरही सांगतं, "मुक्कामाची आली." चावडीपुढं ती थांबते तेव्हा दार उघडायच्या आतच कुणीतरी मागच्या शिडीनं टपावर चढलेलं असतं. खताची गोणी खाली येते, पत्र्याची पेटी येते, ठिबकच्या नळीचं वेटोळं येतं, एखाद्या दिवशी नवी कोरी सायकल येते. आतून उतरतात ते कोर्टाची तारीख करून आलेले दोघे भाऊ, आठवड्याचा बाजार करून आलेल्या बाया, सिव्हिलमधून नातवाला घेऊन आलेली आजी. सगळे उतरले की ड्रायव्हर गाडी वळवतो आणि तिचं तोंड तालुक्याच्या दिशेला करून इंजिन बंद करतो. सकाळी निघायची तयारी रात्रीच झालेली असते.

ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर, शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर गाडीतच बाकावर पथारी टाकतात. कंडक्टरची पैशांची बॅग उशाला असते. कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण येतं. पावसाळ्यात एखादं घर ओटा मोकळा करून देतं. ही माणसं गावाची कुणी लागत नाहीत, पण कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाची म्हैस गाभण आहे, कुणाचा मुलगा बारावीला नापास झाला हे त्यांना ठाऊक असतं. खरं तर सरकारचं एवढं एकच खातं रोज रात्री अशा गावात झोपायला येतं. तलाठी येतो आणि जातो, डॉक्टर येतो आणि जातो. एसटी राहते.

पहाटे तिचं खरं रूप दिसतं. इंजिन गरम करायला सुरू केलं की आळीआळीतून कंदील, बॅटऱ्या, आता मोबाइलचे उजेड हलू लागतात. दुधाचे कॅन मागच्या बाजूला, कोथिंबिरीच्या जुड्यांची पाटी बाकाखाली, कॉलेजची पोरं दारात, पोरी पुढच्या बाकांवर. डायलिसिसला जाणारा माणूस ड्रायव्हरमागच्या जागेवर, ती जागा त्याच्यासाठी कुणी न सांगता सोडलेली असते. एखादी बाई धावत येताना दिसली तर गाडी थांबते, कारण ती कुठं निघाली आहे हे गाडीला माहीत असतं. वाटेत वाड्यावस्त्यांवर हात दाखवला की थांबायचं. गावाचं घड्याळ तीच. चूल किती वाजता पेटवायची, धार किती वाजता काढायची, हे तिच्या वेळेवरून ठरतं.

तिचं कूळ जुनं आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी निघाली. सुरुवातीच्या ताफ्यात तीस बेडफर्ड गाड्या होत्या, त्यांचं अंग लाकडी आणि बाकं काथ्याची. लाल रंग नंतरचा, ती पहिली गाडी निळी-चंदेरी होती. त्याआधी खासगी मोटारी होत्या, त्यांचं भाडंही मालकाच्या मनावर आणि सुटण्याची वेळही. ती मनमानी मोडायला एसटी आली. ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या भाड्यात, गाडी भरलेली असो की रिकामी, निघायचं, हा तिचा करार होता. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे तिचं ब्रीद आहे आणि 'गाव तिथे एसटी' हा तिचा शब्द. मला यातला 'तिथे' फार महत्त्वाचा वाटतो. गाव जिथं असेल तिथं, मग तिथं नफा असो वा नसो.

माणसांखेरीज तिनं वाहिलेल्या वस्तूंचा हिशेब कुणी मांडलेला नाही. वर्तमानपत्रांचे गठ्ठे तिनं नेले, टपालाच्या थैल्या नेल्या, तालुक्याच्या दुकानदारानं चिठ्ठी लावून दिलेलं औषध नेलं. आणि डबे. सांगली-कोल्हापूरकडं, पुण्याकडं शिकायला गेलेल्या किती पोरांनी आईच्या हातची भाकरी दुपारी स्टँडवर उभं राहून घेतली आहे! कापडात बांधलेला डबा, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं नाव, वर एक गाठ. पहाटे आई कंडक्टरच्या हातात द्यायची, तालुक्याला तो दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती जायचा, आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यासाठी रीतसर पावती क्वचितच फाटली असेल. मेसचे पैसे परवडत नव्हते म्हणून जी मुलं शिकायची राहिली असती, ती या डब्यांवर शिकली. ही मालवाहतूक कुठल्याच अहवालात येत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आणि भाजी. दोन पाट्या वांगी किंवा चार किलो शेवगा घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईला टेम्पो परवडत नाही. टेम्पोवाला गाडीचं भाडं सांगतो, पाटीचं सांगत नाही. एसटीत ती लगेजचं तिकीट काढते, पाटी पायाशी घेते आणि स्वतः बाजारात बसून चार पैसे जास्त मिळवते. गाडी गेली की तीच वांगी दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावानं द्यावी लागतात. डिझेल महागलं की टेम्पोचं भाडं वाढतं, आणि ते शेवटी वांग्याच्या भावातूनच कापलं जातं. म्हणजे वाहतूक महागते तेव्हा या बाईच्या हातात पडणारा पैसा कमी होतो, शहरातल्या गिऱ्हाइकाला मात्र वांगी महागच मिळतात.

२०२० च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या साथीनं सगळं बंद असताना याच गाड्यांनी हजारो मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवलं. जुन्या गाड्यांच्या खिडक्या आणि बाकं काढून त्यांचे मालट्रक केले गेले आणि महाकार्गो नावानं एसटी माल वाहू लागली. कल्पना उत्तम होती. शेतमालाला सरकारी वाहन ही या राज्याची जुनी गरज आहे. पण ती उभी केली निवृत्तीला आलेल्या गाड्यांच्या पाठीवर, आणि थकलेल्या पाठीवर नवा धंदा किती दिवस तगणार?

आता तिच्या दुखण्याकडं येतो.

तिच्या तिकिटाचं माप टप्प्यावर चालतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. जून २०१८ मध्ये भाडं १८ टक्के वाढलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. वाढीवर वाढ चढते, म्हणून नुसती बेरीज करून भागत नाही. सात वर्षांच्या आत शंभर रुपयांचा प्रवास सुमारे एकशे एकोणसाठ रुपयांचा झाला. डिझेल, सुटे भाग, पगार सगळंच महागलं, हे मला मान्य आहे. पण त्या काळात गाडी सुधारली असती तर ही वाढ लोकांनी सोसली असती. झालं उलट. साथीच्या आधी अठरा हजारांच्या आसपास असलेला ताफा पंधरा हजारांच्या घरात आला, उरलेल्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या. २०२३ च्या पावसाळ्यात गडचिरोलीच्या अहेरी आगाराच्या गाडीचं छप्पर धावता धावता फडफडतानाचं चित्रण साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्याच आगारात गळक्या गाडीत एका हातात छत्री आणि एका हातात स्टिअरिंग धरलेला ड्रायव्हरही पाहिला. लोकांनी ते एकमेकांना पाठवलं, हसले. मला त्या ड्रायव्हरची लाज वाटली नाही. त्या पावसातही तो माणसं पोचवत होता.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला कर्मचारी संपावर गेले, ते एप्रिल २०२२ मध्ये परतले. तुटपुंजा आणि रखडलेला पगार, राज्य सरकारात विलीनीकरणाची मागणी, कर्जाखाली दबलेली घरं. काहींनी जीव दिला. त्या सहा महिन्यांत कर्मचाऱ्यांनी भोगलं आणि गावांनीही भोगलं. नंतर गाड्या पुन्हा धावू लागल्या, पण सगळ्या नाही. ज्या परतल्या नाहीत त्यांत मुक्कामाच्या गाड्या पुष्कळ होत्या.

तिलाच आधी का कापतात? याचं उत्तर एसटीच्या एका शब्दात आहे: भारमान. शंभर जागांमागं किती भरल्या, प्रत्येक किलोमीटरला किती रुपये आले, यावर फेरीचं नशीब ठरतं. मुक्कामाची गाडी सकाळी खचाखच जाते, पण रात्री शेवटचे दहा किलोमीटर पाच-सात माणसं घेऊन येते. वर दोघांचा मुक्कामाचा भत्ता, खराब रस्ता, घाटात जास्त लागणारं डिझेल. या कागदावर ती कधीच पास होणार नाही. डायलिसिसचा रुग्ण त्या कागदावर एक जागा, आणि सहलीला निघालेला माणूसही एकच जागा. सवलतीच्या पासवर जाणारा विद्यार्थी तर जागा अडवतो आणि पैसा कमी देतो, म्हणजे कागदाच्या नजरेत तो तोटाच. आषाढीला पंढरपुरासाठी आणि गणपतीला कोकणासाठी हजारो जादा गाड्या काढतात, तेव्हा त्या याच आगारांतून जातात. वारकऱ्याला गाडी मिळालीच पाहिजे, चाकरमान्यालाही. पण त्या दिवसांत "गाड्या वारीला गेल्यात" हे उत्तर ऐकणारा पोरगा परीक्षेला कसा पोचला, हे कुणी विचारत नाही.

तिच्या जागी वडाप येतं. जीप भरेपर्यंत हलत नाही, भरली म्हणजे किती भरली याला मर्यादा नाही. पास चालत नाही, ज्येष्ठांची सवलत नाही, रात्री आठनंतर दिसत नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही निर्णय चांगले, बाया घराबाहेर पडू लागल्या हे डोळ्यांनी दिसतं. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेचा पास फुकट मिळतो. पण जिथं गाडीच येत नाही तिथं अर्धं तिकीट कशाचं आणि फुकट पास कशाचा? मुलगी दहावी होते, पुढची शाळा बारा किलोमीटरवर असते, जीपमध्ये कोंबून पाठवायला बापाचं मन होत नाही. शिक्षण तिथं थांबतं. हा तोटाही भारमानाच्या तक्त्यात दिसत नाही.

एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढं गेल्याचं २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सांगितलं गेलं. आकडा मोठा आहे, आणि तो ऐकला की लोक लगेच म्हणतात, खासगी करून टाका. पण तिच्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर राज्य सरकारच घेतं, सवलती सरकारच जाहीर करतं, त्यांची भरपाई सरकारकडूनच यायची असते आणि ती उशिरा आली की पगार रखडतो. स्वतःच्या हातानं तिचा खिसा हलका करायचा आणि मग तिला उधळी म्हणायचं, हा अन्याय आहे. २०२५ मध्ये २६४० नव्या साध्या गाड्या ताफ्यात येऊ लागल्या, विजेवरच्या ५१५० गाड्यांचा करार त्याआधी झाला होता. त्यांतल्या किती रात्री डोंगरातल्या चावडीपुढं उभ्या राहतील, माझ्या लेखी खरा प्रश्न तो आहे.

माझं मागणं साधं आहे. मुक्कामाच्या फेरीला भारमानाच्या तक्त्यातून बाहेर काढा. शाळा आणि दवाखाना जसे नफ्यावर तोलत नाहीत, तशी ही फेरीही तोलू नका. तिचा किलोमीटरमागचा खर्च राज्यानं वर्षाच्या सुरुवातीलाच आगाराला द्यावा, नंतरच्या प्रतिपूर्तीवर ठेवू नये. ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला छप्पर आणि शौचालय ग्रामपंचायतीनं द्यावं, तेवढं गावाच्या हातात आहे. आणि ज्यांच्या गावची मुक्कामाची गाडी बंद झाली आहे त्यांनी येत्या ग्रामसभेत ठराव करावा, त्यात किती विद्यार्थी, किती रुग्ण, किती दूध आणि भाजी रोज तिच्यावर अवलंबून होती ते नावनिशीवार लिहावं, आगारप्रमुखांना आणि आमदारांना द्यावं आणि पोच घ्यावी.