गाणं जुनं की नवं, हा प्रश्न दुसरा



परदेशातल्या मराठी मंडळीत एक वाद दर दोन-चार वर्षांनी हमखास डोकं वर काढतो. गायन ‘उपासना संगीता’तून, पेटी-तबल्यावर व्हावं, की कीबोर्ड-ड्रम लावून हिंदी-इंग्रजी कोरस म्हणावेत? आमच्याकडे आखातात सध्या तो जोरात आहे. त्यात हॉल मिळतो जेमतेम दोन तास. म्हणून वेळ वाचवायला तीन शास्त्रवाचनांऐवजी एकच ठेवावं, असा प्रस्ताव पुढच्या सभेत येतोय. गाण्यांवर तासभर भांडण झालं, या प्रस्तावावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मला काळजी वाटते ती याची.

चालींचं म्हणाल तर आपला इतिहास काही सोवळा नाही. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. १६१६ साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. बायबलची कथा त्याने चक्क पुराणाच्या साच्यात सांगितली. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्तभक्तीसाठी मनापासून वापरलं. आज ज्याला आपण ‘आपली परंपरा’ म्हणतो, ते एकेकाळी नवंच होतं की! आणि स्तोत्र १५० मध्ये तर डफ, झांजा, तंतुवाद्यं, सगळंच आहे. तेव्हा ड्रम आला म्हणून भक्ती बाटत नाही, आणि पेटी आहे म्हणून ती खरी ठरत नाही.

मग कसोटी कुठली? ती पौलाने करिंथकरांना देऊन ठेवली आहे (१ करिंथ १४). आत्म्याने गा, पण बुद्धीनेही गा. शेजारच्याला कळलंच नाही तर तो ‘आमेन’ कशाच्या जोरावर म्हणणार? माझी मुलगी देवनागरी अडखळत वाचते. मागे तिने विचारलं, “बाबा, पतितपावन म्हणजे काय?” मी सांगितलं, आणि उलट विचारलं, “तू होसान्ना गातेस, त्याचा अर्थ?” तर म्हणाली, “सगळेच गातात ना!” ‘आमचं तारण कर’ अशी ती आर्त हाक आहे, हे ऐकून ती जरा गप्प झाली. म्हणजे रोमन लिपीत स्लाइड लावून प्रश्न सुटत नाही, आणि जुनं पुस्तक हातात देऊनही नाही. गाण्याआधी दोन वाक्यांत अर्थ सांगावा, ते कुठल्या वचनावर उभं आहे ते दाखवावं. वचनाचा आधारच सापडत नसेल, तर चाल कितीही गोड असो, ते गाणं बाजूला ठेवावं.

पण हे पारखायचं तर वचन कानावर पडायला हवं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्यासुध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते छापून निघालं १९२४ मध्ये. एका बाईने आयुष्याची शेवटची वर्षं ज्यासाठी वेचली, त्यातली दहा मिनिटं आपण वाचवणार?

आणखी एक. आमोसच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की गाण्यांचा गोंगाट नको, न्याय हवा. आमच्याकडे शेवटच्या रांगेत कंपनीच्या कॅम्पातून आलेली मुलं बसतात. दोन बस बदलून येतात. आपल्या घरी बायबल आहे, इंटरनेट आहे, निवांत वेळही आहे. दहाजणांच्या खोलीत राहणाऱ्या त्या पोरांना आठवड्यात मराठीतून मोठ्याने वाचलेलं वचन ऐकायला मिळतं ते इथेच. वाचन कापलं तर पहिला वाटा त्यांचाच जातो.

म्हणून सभेत मी एवढंच मांडणार आहे: वाचनं तीनच राहू देत. एक शब्बाथ शाळेतल्या मुलाने करावं, अडखळलं तरी चालेल. एक कॅम्पातल्या मुलांपैकी कुणीतरी. तिसरं पाळकसाहेबांनी. वेळ वाचवायचाच असेल तर सूचना आणि आभारप्रदर्शन आटोपतं घेऊ. गाणी जुनी की नवी, ते खुशाल बहुमताने ठरवा.

तुमच्या मंडळीत काय करता, जरूर कळवा.